ट्युलिप ट्रीची पानं ऑगस्टमध्ये गळतायत? फवारणी राहू दे, आधी पाणी आणि जागा बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सेंट्रल न्यू जर्सीत घर घेतलंत, एप्रिलमध्ये नर्सरीतून प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंडीतलं आठ फुटी ट्युलिप ट्री आणून मागच्या अंगणात डेकपासून बारा फुटांवर लावलंत. जूनपर्यंत झाड मस्त होतं, आणि आता ऑगस्टमध्ये आतल्या बाजूची पानं पिवळी होऊन गळतायत, खालच्या काही पानांवर चिकट आणि काळं काहीतरी दिसतंय. लॉनचे स्प्रिंकलर रोज पहाटे पंधरा मिनिटं चालतात. तुम्ही विचारताय खत टाकू का, काही फवारू का, की झाड गेलंच, आणि फुलं कधी येणार, कारण आई म्हणते पुण्यात आमच्या सोसायटीसमोरचं ट्युलिप ट्री किती लवकर फुललं होतं.

मी राहुरीला हॉर्टिकल्चर शिकले आणि गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत झाडांचंच काम करते, लावणं, छाटणं, आजारी झाड बघायला जाणं, आणि नाइलाज झाला की पाडणंसुद्धा. तर आधी जिवाला लागलेला घोर संपवू, झाड गेलेलं नाही. खात्री करायची असेल तर एका बारीक फांदीवर नखाने साल हलकीच खरवडा, खाली ओलसर हिरवं दिसलं की फांदी जिवंत. पण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट पिवळी पानं नाहीत, तुम्ही जाता जाता लिहिलेले ते बारा फूट आहेत. त्यावर खाली सविस्तर लिहिते, कारण पानांचं काम दोन आठवड्यांत मार्गी लागेल, बारा फुटांचं नाही लागणार.

आईंचा गोंधळ आधी सोडवू. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला जे ट्युलिप ट्री म्हणतात ती पिचकारी, केशरी-लाल फुलांची, जिच्या कळ्या दाबून आपण लहानपणी एकमेकांवर पाणी उडवायचो. ते आफ्रिकेतून आलेलं झाड, शास्त्रीय नाव स्पॅथोडिया. तुमचं झाड लिरिओडेंड्रॉन ट्युलिपिफेरा, अमेरिकेच्या पूर्व भागातलं अस्सल स्थानिक, इंडियाना, केंटकी आणि टेनेसी या तीन राज्यांचं राज्यवृक्ष. पिचकारीशी त्याचं काही नातं नाही. इथले सुतार त्याला यलो पॉप्लर म्हणतात पण ते पॉप्लरही नाही. ते आहे मॅग्नोलियाच्या कुळातलं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याचं चुलत भावंड. हे मी नुसतं कौतुकाने सांगत नाहीये, याचा देखभालीशी थेट संबंध आहे, कारण या कुळातल्या झाडांची मुळं जाड, मांसल आणि ठिसूळ असतात, दुखावली की पटकन भरून येत नाहीत, आणि पाण्याचा ताण त्यांना अजिबात सोसत नाही.

आता पिवळी पानं. ट्युलिप ट्रीचा हा स्वभावच आहे की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की ते आतली जुनी पानं पिवळी करून टाकून देतं आणि शेंड्याकडची नवी पानं वाचवतं. जंगलातली शंभर फुटी झाडंसुद्धा कोरड्या ऑगस्टमध्ये हेच करतात, खाली पिवळ्या पानांचा सडा पडतो आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा भरगच्च. म्हणून मी आधी बघते पिवळी कोणती पानं झालीत. आतली, जुनी, अख्खी पिवळी म्हणजे पाणी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असं असेल तर मातीचा पीएच जास्त झालाय आणि झाडाला लोह मिळत नाहीये. आणि एकाच बाजूची एखादी फांदी पानांसकट सुकत असेल तर व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीची शंका घ्यायची, ती या झाडाला लागते. तुमच्या वर्णनात पहिला प्रकार सरळ दिसतोय.

तुम्ही म्हणाल रोज स्प्रिंकलर चालतोय की. पण पंधरा मिनिटांचा स्प्रिंकलर गवतासाठी असतो, तो वरचा इंच-दीड इंच ओला करतो आणि झाडाची हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, खाली दीड फूट खोल असते. त्यात नर्सरीच्या कुंडीत माती नसते, सालीचा भुसा असतो, तो लवकर कोरडा होतो, आणि एकदा पूर्ण कोरडा झाला की पाणी आत न घेता बाजूने काढून देतो. मी एकदा जूनमध्ये लावलेलं मरगळलेलं झाड बघायला गेले होते, काका-काकू भारतातून मुलाकडे आलेले, काका रोज संध्याकाळी प्रेमाने दोन बादल्या पाणी घालायचे. मी हुंडीच्या कडेला खुरप्याने सहा इंच उकरलं तर बाहेरची लाल माती चिखल, आणि हुंडीतला भुसा इतका कोरडा की बोटांनी चुरला तर धूळ उडाली. काका बघतच राहिले. पाणी जात होतं पण जिथे मुळं होती तिथे जात नव्हतं.

म्हणून तुम्ही पण आधी उकरून बघा, माझ्या अंदाजावर जाऊ नका, कारण इथे सगळं मातीवर अवलंबून आहे. मिडलसेक्स-सॉमरसेटकडे बऱ्याच ठिकाणी लाल शेल खडकापासून झालेली चिकट माती आहे, दक्षिणेला पाइन बॅरन्सकडे सगळी वाळू. चिकट मातीत उलटंही होतं, खड्डा बादलीसारखा पाणी धरून ठेवतो आणि मुळं गुदमरतात, तेव्हाही पानं पिवळीच पडतात. उकरल्यावर कुबट वास आला आणि माती बोटाला लोण्यासारखी चिकटली तर पाणी जास्त झालंय, आठवडाभर काही घालू नका. भुसा कोरडा निघाला तर पाणी कमी. आपल्याकडे शेतकरी वाफसा म्हणतात ना, माती ओली पण मोकळी, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, तो वाफसा हुंडीत कायम राहायला हवा, बस.

कोरडी निघाली तर असं करा. खोडाभोवती हुंडीच्या कडेने मातीचं तीन-चार इंच उंच आळं करा. अंगणातला पाइप अगदी बारीक धारेवर आळ्यात सोडून द्या आणि तासभर तिथेच राहू दे, मध्ये एकदा त्याची जागा बदला. हिशोब साधा आहे, खोडाच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला आठवड्याला साधारण दहा गॅलन. तुमचं खोड दीड-दोन इंच असेल, म्हणजे पंधरा ते वीस गॅलन, आपल्या लिटरमध्ये साठ-पंच्याहत्तर. या उन्हात ते दोन वेळा विभागून द्या, एका वेळी सगळं नको. पाइपचा कंटाळा असेल तर खोडाभोवती बांधायच्या हिरव्या पाण्याच्या पिशव्या मिळतात, त्याही चालतात, फक्त थंडीत काढून ठेवा, नाहीतर त्याखाली साल कुजते आणि उंदीर राहायला येतात.

चिकट आणि काळं जे दिसतंय त्याबद्दल. जर्सीत हल्ली काहीही चिकट दिसलं की लोक लँटर्नफ्लाय नावाच्या रस शोषणाऱ्या किडीवर ढकलतात, तीही चिकटा टाकते हे खरं, पण ट्युलिप ट्रीवर मी आधी मावा आणि खवले कीड शोधते. दोन्ही रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात, त्या चिकट्यावर काळी काजळी चढते. काजळी स्वतः झाडात घुसत नाही, ओल्या फडक्याने पुसली तर निघते. पान उलटं करून बघा, बारीक हिरवट किडे झुंडीने बसले असतील तर तो मावा, पाइपच्या जोरदार फवाऱ्याने खालून धुऊन काढा, दोन-तीन दिवसांनी परत एकदा, आणि पुढचं काम लेडी बीटल करतात. खवले कीड मात्र फांदीवर असते, पानावर नाही. बारीक फांद्यांवर हरभऱ्याची डाळ उपडी चिकटवून ठेवल्यासारखे करडे-गुलाबी फुगवटे दिसतात, पहिल्या नजरेत ते सालीचाच भाग वाटतात. नखाने ढकला, निघून आला आणि खाली ओलं लागलं तर तीच. ही कीड ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरमध्ये पिल्लं सोडते, म्हणून आत्ता, पिल्लं पसरायच्या आत, हातमोजे घालून प्रत्येक फांदीवरून हात फिरवून ती चोळून काढा. आठ फुटी झाडाला अर्धा तास लागेल, आणि हे मोठ्या झाडावर कधीच शक्य होत नाही. उरलीसुरली मार्चमध्ये पालवी फुटायच्या आधी हॉर्टिकल्चरल ऑइलने जातात.

मुळाशी ओतायचं जे निळ्या-पांढऱ्या बाटल्यांतलं कीटकनाशक लोक सुचवतील ते कृपा करून घालू नका. त्यातली नियोनिकोटिनॉइड गटातली औषधं झाडाच्या रसात उतरतात आणि तिथून मधात. ट्युलिप ट्री हे या भागातल्या मधमाश्यांचं मे-जूनमधलं मोठं खाद्य आहे, या फुलांचा गडद तांबूस मध इथले मधपाळ वेगळा विकतात. न्यू जर्सीने २०२२ मध्ये कायदा करून या औषधांच्या शेतीबाहेरच्या बहुतेक वापरावर बंदी आणली ती याचसाठी. आणि खत? आत्ता नाही. ऑगस्टमध्ये नत्र दिलं की कोवळी फूट येते, ती माव्याला आवडते आणि पहिल्या हिवात जळते. द्यायचंच असेल तर आधी रट्गर्स विद्यापीठाच्या लॅबमधून माती तपासून घ्या.

म्हणजे या महिन्यात काम एवढंच: उकरून बघणं, आळं करून खोल पाणी, फांद्या हाताने पुसणं, आणि स्प्रिंकलरची धार खोडावर येत असेल तर ती वळवणं.

आता ते बारा फूट. हे झाड कुंडीत आठ फुटांचं असतं तेव्हा इतकं शहाण्यासारखं सरळ उभं असतं की डेकच्या कडेला शोभतंच. पण ते वर्षाला दोन फूट सहज वाढतं, जागा आवडली तर जास्त. अंगणात ऐंशी-नव्वद फूट म्हणजे नेहमीची गोष्ट, पसारा तीस ते पन्नास फूट. एकदा रविवारी क्वीन्समध्ये अ‍ॅली पाँड पार्कला जाऊन या, तिथे एक ट्युलिप ट्री आहे सुमारे १३४ फूट उंच, वय साडेतीनशे ते साडेचारशे वर्षं असावं असा अंदाज आहे, म्हणजे ते रुजलं तेव्हा महाराज होते किंवा त्यांच्याही आधीचा काळ होता. त्याच्या बुंध्याशी उभं राहून मान वर करा आणि मग तुमचं डेक आठवा. माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टनने १७८५ मध्ये लावलेली दोन ट्युलिप ट्री अजून उभी आहेत. हे झाड आपल्या पणतवंडांनाही पुरतं, म्हणून जागा तशी द्यायची.

लाकूड या झाडाचं मऊ असतं, वजन पेलत नाही. ओला बर्फ, आइस स्टॉर्म, जोराचं वारं यात मोठ्या फांद्या तुटतात. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं त्यानंतर मी आठवडे फक्त पडलेली झाडं काढत होते. एका घरी आधीच्या मालकाने हौसेने घरापासून पंधरा फुटांवर ट्युलिप ट्री लावलेलं, तीस वर्षांत खोड अडीच फूट जाड झालेलं, त्याची एक फांदी छपरातून थेट मुलीच्या खोलीत आली होती. मुलगी त्या रात्री आजीजवळ झोपली होती म्हणून वाचली. झाड निरोगी होतं, पण छपराच्या आड क्रेन लावून ते तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागलं आणि खर्च हजारोंमध्ये गेला. मला त्या झाडाचं अजून वाईट वाटतं, कारण त्याची काहीच चूक नव्हती, लावणाऱ्याने जागा चुकवली होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घरापासून, शेजाऱ्याच्या घरापासून, विजेच्या तारांपासून चाळीस फूट, अगदीच नाही तर पस्तीस. तुमच्या मागे तेवढी मोकळी जागा आहे का हे मला माहीत नाही, प्लॉट पाव एकराचा असेल तर बहुतेक एकाच कोपऱ्यात मिळेल. मिळत असेल तर झाड हलवा. मिळत नसेल तर मोठं अंगण असलेल्या एखाद्या मित्राला द्या, खरंच द्या, आणि डेकजवळ स्वीटबे मॅग्नोलिया लावा. तेही सोनचाफ्याच्याच घरातलं, जर्सीचं स्थानिक, या थंडीत साधारण वीस फुटांपर्यंत राहतं आणि जूनमध्ये पांढऱ्या फुलांना लिंबासारखा वास येतो. इथे सोनचाफ्यासाठी जीव टाकणाऱ्या कितीतरी लोकांना मी हे झाड दिलंय, कारण सोनचाफा इथल्या जानेवारीत बाहेर टिकत नाही. ट्युलिप ट्रीच हवं असेल तर फॅस्टिजिएटम नावाची उभट जात मिळते, पसारा पंधरा-वीस फूटच, पण उंची तिलाही पन्नासच्या आसपास, त्यामुळे बारा फुटांवर मी तीही लावणार नाही.

हलवायचं कधी? आत्ता नाही, आणि ऑक्टोबरमध्येही नाही. बाकीच्या बऱ्याच झाडांना शरद ऋतू चांगला, पण या मांसल मुळांच्या झाडांना नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी हे ऐकलं नाही, एका ऑक्टोबरमध्ये ट्युलिप ट्री खणून हलवली आणि मे उजाडला तरी निम्म्यांना पालवी फुटली नाही. तेव्हापासून फक्त मार्चअखेर ते एप्रिल मध्य, जमीन मोकळी झालेली आणि कळ्या अजून बंद. तुमचं झाड एकच वर्ष जमिनीत असेल, मुळं फार लांब गेली नसतील, म्हणजे दोन फूट व्यासाची हुंडी धरून दोन माणसांना ते हलवता येईल. आणखी दोन वर्षं थांबलात तर मशीन आणावं लागेल, म्हणून निर्णय या हिवाळ्यात घ्या. खणायच्या आधी किमान तीन कामाचे दिवस ८११ ला फोन करा, ते फुकट येऊन गॅस आणि विजेच्या लाइन्स रंगाने आखून देतात.

नवीन खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र हुंडीएवढाच, जास्त नाही, नाहीतर झाड खाली बसतं. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. आणि खड्ड्यात शेणखत-कंपोस्ट भरायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. मीही राहुरीला आंब्याचे तीन बाय तीनचे खड्डे खत-मातीने भरायला शिकले, तिथल्या मुरमाड जमिनीत ते बरोबर आहे, पण इथल्या चिकट मातीत मऊ भरलेल्या खड्ड्यात पाणी साचतं आणि मुळं खड्ड्याबाहेर जायचं नावच घेत नाहीत. निघालेली तीच माती परत भरा, वरून दोन-तीन इंच लाकडाच्या चिप्स चार फुटांच्या गोलात पसरा, खोडाला न टेकवता. पार्किंग लॉटमधल्या झाडांना चिप्सचे डोंगर घातलेले दिसतात ते बघून तसं करू नका, त्याने साल कुजते.

थंडीचं दोनच ओळीत सांगते. जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवा, आणि सप्टेंबरमध्येच खोडाला जाळी गुंडाळा, कारण शिंगं घासायला हरणांना नेमकं एवढंच गुळगुळीत, मनगटाएवढं खोड लागतं आणि एका रात्रीत सगळी साल उतरते. छाटणी फेब्रुवारीअखेर, तीही दुसरा शेंडा स्पर्धा करत असेल तर तेवढाच काढायला.

फुलांचं राहिलं. बियांपासून वाढलेलं झाड पंधरा-वीस वर्षांनी फुलतं, तुमचं आठ फुटी म्हणजे चार-पाच वर्षांचं असेल, तेव्हा अजून दहा-पंधरा वर्षं धरा. फुलं मेअखेर येतात, पिवळट हिरवी, आत केशरी पट्टा ओढलेली, पण इतकी उंच की खाली पाकळ्या पडल्यावरच कळतं. तोपर्यंत एप्रिलमध्ये कळीकडे बघा. बदकाच्या चोचीसारखी चपटी असते, ती दोन बोटांनी हळूच उघडली की आत एक इवलंसं पान मधोमध घडी घालून मान खाली वाकवून बसलेलं असतं, त्याच्या शेजारी अजून एक चोच, तिच्यात अजून छोटं पान. माझ्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा ती चार वर्षांची होती, आता ती दरवर्षी मला दाखवते.

उकरून बघाल तेव्हा बुंध्याजवळची माती चार बोटं बाजूला सारून तिथला एक फोटो टाका, कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळं बऱ्याचदा खोडाभोवती गोल फिरलेली असतात, तशी दिसली तर एप्रिलमध्ये हलवताना कोणतं मूळ कापायचं ते मी फोटोवर खूण करून सांगते.